उशिरा उघडणारी झडप

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका पेठेच्या गावात एकदा असं झालं, की एका गूळव्यापाऱ्यानं आपल्या मुलीची मोटारसायकल टेम्पोत घातली, एका वृद्ध मेस्त्रीच्या गॅरेजच्या दारात आणून उतरवली आणि सर्वांच्या देखत म्हटलं, "वस्ताद, हिचे तुकडे करून द्या."

दारातली गिऱ्हाइकं जागच्या जागी थिजली. गाडी काही भंगारातली नव्हती. परदेशी बनावटीची, चार सिलिंडरची, टाकीवर नखाएवढाही ओरखडा नाही. लोक मुद्दाम वाट वाकडी करून ती पाहायला थांबत. आणि हे सांगणारे इराप्पाशेठ म्हणजे कोण? गुळाची ढेप नुसती हुंगून ती कोणत्या गुऱ्हाळातली हे सांगणारा, सौद्यात भाव चढले-पडले तरी ज्याचा स्वर कधी बदलला नाही असा माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता.

"तुकडे?" वस्तादांनी विचारलं.

"तुकडे. गॅसकटरनं. माझ्या डोळ्यांदेखत. पुन्हा ही कुणाच्या हातानं उभी राहता कामा नये."

टेम्पोच्या मागून त्यांची मुलगी गिरिजा चालत आली. ती जनावरांची डॉक्टर. घाटापलीकडच्या वाड्यांवर तिचं रोजचं जाणं. गाडी मूळची तिच्या मामाची. मामाचे गुडघे दुखू लागले आणि ती भाचीकडे आली. गिरिजाच्या कोपरावर पांढरी पट्टी होती.

"अप्पा, गाडीला टेम्पोत बसवलंत आणि मला चालत आणलंत. राग नेमका कुणावर आहे?"

"तू गप्प बस. तू जिवंत आहेस यावरच माझा अजून विश्वास बसत नाही."

मग शेठनी घडलेलं सांगितलं. आदल्या दिवशी घाटात गिरिजा पुढे होती आणि ते आपल्या मोटारीतून मागे. उसानं भरलेली ट्रॉली रस्ता अडवून चालली होती. समोर मोकळं पाहून गिरिजानं गाडी उजवीकडे घेतली, मूठ पिळली, आणि गाडी अडखळली. बंद पडली नाही. चांगला बोलता माणूस मधेच शब्द विसरावा, तशी नुसती अडखळली. तेवढ्यात वळणावरून प्रवासी बस आली. पुढच्याच क्षणी गाडीला एकदम जोर चढला आणि ती सुटली.

"बस आणि ट्रॉली यांच्या मधून माझी पोर गेली, वस्ताद. मधून! तिचा कोपर बसच्या पत्र्याला घासला. काच वर करून, एसी लावून मी ते बघत बसलो होतो. बघण्याखेरीज मला काही करता आलं नाही."

चाकात हवा भरणाऱ्या माणसानं आपला कॉम्प्रेसर बंद केला.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. हा दोष नवा नव्हता. याच तक्रारीसाठी ती गाडी याच गॅरेजमध्ये पूर्वी दोन खेपा येऊन गेली होती. वस्तादांनी पेट्रोलची वाट साफ करवली, प्लग बदलले, मुठीची केबल नवी घातली. गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर गाडी बरी वाटली, म्हणून परत दिली. घाटात चढावर, मूठ एकदम पिळल्यावर काय होतं, ते सपाट रस्त्यावर दिसतं कुठं?

"दोनदा तुमच्याकडं आणली होती," शेठ म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

वस्ताद म्हणाले, "तुकडे करायचे तर करू. कटर मी स्वतः धरतो. पण आधी दोष हिचा की आमचा, एवढं बघू द्या."

"आणि बरी झाली तर मी ती चालवणार," गिरिजा म्हणाली.

"मी फाटकाला कुलूप लावीन."

"फाटकावरून उडी मारायला मी केव्हाच शिकलेय, अप्पा. तुमच्याच खांद्यावर पाय देऊन."

एकदोघे हसले आणि शेठच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच गप्प झाले.

आता या गॅरेजची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. वस्तादांचं स्टूल मधल्या खांबाशी असे. त्यावर ते डोळे मिटून बसत आणि इंजिनं ऐकत. गावात त्यांच्या कानांची ख्याती होती. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचं कोणतं बेअरिंग गेलंय हे ते बसल्या जागी सांगत, आणि गाडी खोलल्यावर तेच निघे. म्हणून तिथं काम शिकणाऱ्यानं इंजिनाला पाना लावण्याआधी त्यांच्याकडे पाहायचं, असा शिरस्ता होता. वस्ताद म्हणत, "थांब." मग ऐकत. मनाशी खात्री झाली की म्हणत, "लाव." त्यानंतरच पाना फिरे. ते 'थांब' लोकांना मंत्रासारखं वाटे. गिऱ्हाइकं एकमेकांना कौतुकानं सांगत, इथं उगाच कुणी हात लावत नाही बरं का!

शिष्य आले आणि गेले. सुकुमार तेवढा टिकला. मिसरूड फुटत होतं तेव्हा आला होता, आता त्याच्या कानशिलांवर पांढरं दिसू लागलं होतं. हात इतका सफाईदार की पाना त्याच्या बोटांतूनच उगवला आहे असं वाटे. तरीही पाना लावण्याआधी त्याची मान खांबाकडे वळायचीच.

आम्हां दुकानदारांना ही मान वळणं चांगलं ओळखीचं आहे. आमच्या पेठेत एक कापडाचं दुकान होतं. गादीवर वडील, काउंटरवर थोरला मुलगा. गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून विचारी, "हे कसं दिलं?" मुलगा आधी वडिलांकडे पाही. वडील अडकित्त्यानं सुपारी कातरत मान हलवत, मग भाव बाहेर पडे. एवढ्या वेळात गिऱ्हाइकाचं लक्ष समोरच्या दुकानातल्या साड्यांकडे जाई, आणि लक्षाच्या मागोमाग गिऱ्हाईकही जाई. दुकान मिटलं तरी वडील सांगत राहिले, पेठेत मंदी आहे हो. मुलगा बिचारा अजूनही कुठं काही विचारलं की आधी इकडेतिकडे बघतो. असो, आपण गाडीकडे येऊ.

टाकी उचलून धरली, इंजिन सुरू केलं. वस्ताद त्या दिवशी स्टुलावर बसले नाहीत. ते गाडीशी येऊन उभे राहिले, आणि डोळे त्यांनी उघडे ठेवले. सुकुमारनं मूठ पिळली. इंजिन गुरगुरलं, क्षणभर रितं झालं, आणि मग एकदम गर्जलं. त्यानं पुन्हा पिळली. तेच. ती रिती फट ऐकताना शेठनी डोळे मिटून घेतले.

त्याच वेळी सुकुमारचा मोकळा हात टाकीखालच्या काळ्या पेटीकडे निघाला. इंजिनाला लागणारी हवा या पेटीतून आत जाते. हात अर्ध्या वाटेत थांबला आणि परत मुठीवर आला.

"हात कुठं निघाला होता?" वस्तादांनी विचारलं.

"कुठं नाही, वस्ताद."

"मी तुला नाही विचारत. हाताला विचारतोय. त्याला काहीतरी ठाऊक आहे."

सुकुमारनं पेटीकडे बोट केलं. "या पेटीच्या तोंडाशी एक झडप आहे."

"मग?"

"गाडी मंद चालते तेव्हा ती मिटलेली असते. हवा कमी जाते, आवाज कमी येतो. वेग घेतला की उघडते. तिला मिटायला-उघडायला लावणारा विजेचा एक खटका आहे, सोलेनॉइड म्हणतात. हिचा खटका सुस्तावलाय. मूठ पिळली की पेट्रोल लगेच येतं आणि हवा मागून येते. मधला जो क्षण..." त्याची नजर गिरिजाच्या पट्टीवर गेली आणि वाक्य तिथंच राहिलं.

वस्तादांनी पेटीच्या तोंडात बोट घातलं. "पिळ."

सुकुमारनं पिळली. झडप वस्तादांच्या बोटाला टेकून तशीच राहिली आणि मग, उशिरा, बाजूला झाली. पाहणाऱ्यांना काहीच दिसलं नाही. वस्तादांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला. आयुष्यभर इंजिनं ऐकलेला तो माणूस हळूच म्हणाला, "हिला आवाजच नाही. माझ्या कानांना ही कधीच सापडली नसती."

त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. चिमटा घेतला आणि इंजिनाच्या ओढीनं झडपेला मिटून धरणारी बारीक रबरी नळी उपसून काढली. डब्यातला एक छोटा स्क्रू नळीच्या तोंडात घट्ट बसवला. मग खटक्याकडे जाणारी वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि ती बाजूला बांधून टाकली. बस्स. तिच्या जागी दुसरं काहीच जोडलं नाही.

शेठ ताडकन पुढे आले. "अहो! बिघडला तर नवीन बसवा! कंपनीनं दिलेला भाग तुम्ही सरळ मारून टाकताय?"

"मारला नाही. जागेवरच आहे. नुसता गप्प केलाय. पुढे कधी हवा वाटला तर पुन्हा जोडता येईल."

"मग कंपनीतले इंजिनिअर काय खुळे म्हणून बसवतात?"

"खुळे कसे असतील, शेठ? गाडी हळू चालताना वस्तीत गोंगाट होऊ नये म्हणून त्यांनी ही सोय केली. आता आवाज जरा भारी येईल, ते मी लपवत नाही. पण झडप आपल्या स्प्रिंगवर उघडी राहील. मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये कुणी उभं राहणार नाही."

"आणि नळीत स्क्रू कशाला?" गिरिजानं विचारलं.

"तोंड उघडं ठेवलं तर तिथून चोरटी हवा आत शिरेल. एक दुखणं जाऊन दुसरं येईल. नुसतं सोडवून भागत नाही, बाई, बुजवावंही लागतं."

सुकुमार गाडी घेऊन घाटात गेला. सगळे रस्त्यावर येऊन उभे राहिले. चढावर आवाज उठला, पहिल्या वळणावर वळला, पुढच्या वळणावर आणखी वर गेला, आणि तो कुठंही रिता झाला नाही. परत येऊन त्यानं गाडी उभी केली. एवढंच म्हणाला, "पिळली की जाते."

गिरिजा खळखळून हसली. शेठ टायरांच्या ढिगाऱ्यावर मटकन बसले आणि उपरण्यानं तोंड पुसू लागले. तुम्हीआम्ही असतो तर चहा मागवला असता आणि विषय संपवला असता.

वस्तादांनी मात्र विचारलं, "सुकुमार, ही झडप तुला आज सुचली?"

सुकुमार फडक्यानं हात पुसत राहिला. स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"नाही."

"मग कधी?"

"पहिल्या खेपेलाच. टाकी उचलली तेव्हा दिसली होती. मी हात घातला होता. तुम्ही थांब म्हणालात."

"मी?"

"मग म्हणालात, पेट्रोलकडं बघ. दुसऱ्या खेपेला पुन्हा वाटलं. तुमच्याकडं बघितलं, तुमचे डोळे मिटलेले होते. म्हटलं, असं काही असतं तर वस्तादांना ऐकू आलं असतं."

कुणी कानाखाली मारावी तसे सगळे बधिर झाले. टायरांवरून शेठ कधी उठले आणि त्यांनी सुकुमारची कॉलर कधी धरली, ते कुणालाच कळलं नाही.

"तुला ठाऊक होतं? ठाऊक असून माझ्या पोरीच्या हातात किल्ली दिलीस? ती त्या बसखाली गेली असती, तर माझ्या दारात येऊन काय सांगितलं असतंस? वस्ताद थांब म्हणाले, म्हणून थांबलो?"

सुकुमारनं कॉलर सोडवून घेतली नाही. "दारात आलो असतो की नाही, तेच मला माहीत नाही, शेठ."

या उत्तरावर रागावायचं तरी कसं? शेठचा हात तसाच राहिला. गिरिजा म्हणाली, "अप्पा, सोडा त्याला." आणि वस्ताद म्हणाले, "शेठ, हात चुकीच्या कॉलरवर आहे."

शेठनी कॉलर सोडली. क्षमा केली म्हणून नव्हे, बोटांतलं बळच गेलं म्हणून. वस्ताद आपल्या स्टुलावर जाऊन बसले. एरवी ताठ बसणारा तो माणूस आता कुणीतरी तिथं आणून ठेवल्यासारखा दिसत होता.

गाडीचे तुकडे काही झाले नाहीत. पण जाता जाता शेठनी मुलीला बजावलं, "गावात चालव. घाट बंद." गिरिजा काही बोलली नाही. घाट बंद म्हणजे तिचं निम्मं काम बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गावाला आणखी एक धक्का बसला. वस्ताद नेहमीच्या वेळी आले, नेहमीच्या स्टुलावर बसले, खिशातून कापूस काढला आणि त्याचे जाडजूड बोळे करून दोन्ही कानांत ठासून भरले. ज्या कानांच्या भरवशावर अवघं गाव गाड्या पळवत होतं, ते कान!

बातमी बाजारात पसरायला वेळ लागला नाही. वस्ताद बहिरे झाले. कुणी म्हणालं, त्या परदेशी गाडीचा आवाज बाधला. कुणी म्हणालं, शेठनी कॉलर सुकुमारची धरली आणि कानाखाली वस्तादांच्या मारली. एका पेट्रोलपंपवाल्यानं त्यांच्यासमोर उभं राहून ओरडून विचारलं, "वस्ताद, माझ्या गाडीचा टॅपेट वाजतोय का?" वस्तादांनी हसून सुकुमारकडे बोट केलं. पंपवाला खाली मान घालून पुटपुटला, "देवळात आलो तर देवानं पुजाऱ्याकडं बोट केलं!"

काही दिवसांनी इराप्पाशेठ गुळाची एक ढेप घेऊन गॅरेजमध्ये आले. धरलेली कॉलर त्यांच्या मनातून जात नव्हती. आत पाऊल टाकलं आणि ते दारातच थबकले. सुकुमार एका दूधवाल्याच्या मोटारसायकलपुढे उकिडवा बसला होता. सायलेन्सरचा गंजलेला बोल्ट काढायचा होता. पाना बोल्टवर ठेवून त्यानं सवयीनं मान वळवली. वस्ताद त्याच्याकडेच पाहत होते. कानांत बोळे, हात मांड्यांवर, चेहऱ्यावर ना हो, ना नाही. सुकुमार काही वेळ तसाच पाहत राहिला. मग त्यानं मान पुढे केली आणि पाना दाबला.

कट्! बोल्ट तुटला.

वस्तादांना आवाज आला नाही, पण तुटलेलं दिसलं. त्यांचे ओठ हलले. बोटांनी स्टुलाची कड अशी आवळली की नखं पांढरी पडली. पण ते उठले नाहीत.

दूधवाला चिडला. "झालं! वस्तादांना विचारून केलं असतंस तर?"

"तरीही तुटला असता कदाचित," सुकुमार म्हणाला. "पण मग तो त्यांच्या नावावर तुटला असता. हा माझ्या हातून तुटलाय. आधी तेल सोडून मुरू द्यायला हवं होतं, ते मी केलं नाही. आता काढून देतो, त्याशिवाय गाडी हलवत नाही."

"आणि तोवर माझी कासंडी काय तुझ्या खांद्यावर पोचवू?"

"माझी सायकल न्या. घंटी वाजत नाही, तेवढं सांभाळा."

दूधवाला बडबडत सायकलवरून गेला. सुकुमारनं ड्रिल घेतलं आणि तुटका बोल्ट जपून कोरायला सुरुवात केली.

शेठ वस्तादांच्या जवळ बसले आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, हे काय? वस्तादांनी एका कानातला बोळा काढला.

"वस्ताद, तुमच्यादेखत गिऱ्हाइकाचा बोल्ट तुटला, आणि तुम्ही कानांत कापूस घालून बसलात? असा धंदा आयुष्यात पाहिला नाही मी!"

वस्ताद म्हणाले, "शेठ, तुमच्या गाडीची झडप वाईट नव्हती. मंद चालीसाठी तिची गरजच होती. चाल वाढल्यावर तिनं उघडायला हवं होतं, तिथं ती चुकली. माझं थांबही वाईट नव्हतं. हा आला तेव्हा दिसेल ते पिळायचा. मी थांब म्हटलं नसतं तर निम्म्या गावाच्या इंजिनांचे आटे यानं खाल्ले असते. पण याची चाल वाढली आणि मी उघडलो नाही. लोक माझ्या कानांची तारीफ करत होते, ती मला गोड लागत होती. मूठ त्याची, गाडी त्याची, आणि मधे मी मिटून बसलेलो. ती फट तुमच्या मुलीच्या वाट्याला आली."

"मग चूक त्याची नाही म्हणता?"

"आहे. जिवाचा प्रश्न असेल तिथं वस्तादाला ढकलून पुढं व्हावं, ते मी त्याला खडसावून सांगितलंय. पण ज्याला ढकलावं लागतं असा वस्ताद होऊन मी बसलो होतो, ते खडसावणार कोण? मला ऐकू येत राहिलं तर तोंडातून थांब निघणारच, माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून बुजवून टाकलं. बोल्ट तुटतील, शेठ. ते बाजारात मिळतात."

एवढं बोलून त्यांनी बोळा पुन्हा कानात दाबला.

शेठना अजून एक गोष्ट विचारायची होती. त्यासाठीच खरं तर ते आले होते. "वस्ताद, आणि घाटाचं काय करू?" त्यांनी विचारलंही. पण वस्ताद समोर पाहत होते. त्यांना काही ऐकू आलं नाही. शेठनी पुन्हा विचारलं नाही.

उठता उठता त्यांनी ढेप सुकुमारच्या बाजूला ठेवली. "त्या दिवशी मी तुझी कॉलर..."

"बरं केलंत," ड्रिलवरून नजर न काढता सुकुमार म्हणाला. "कुणीतरी धरायला हवीच होती."

त्यानंतर एका सकाळी शेठ आणि गिरिजा ओसरीवर चहा पीत बसले होते. तिचा फोन वाजला. घाटापलीकडच्या एका वाडीत म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं, माणूस रडकुंडीला येऊन बोलत होता. गिरिजानं ऐकून घेतलं, "पाय ओढू नका, नुसतं धरून ठेवा," असं सांगितलं, फोन ठेवला. आणि तिनं वडिलांकडे पाहिलं.

फाटकावरून उडी मारणारी ही मुलगी. टेम्पोमागून चालत येऊन चारचौघांत उलट बोलणारी. गेले काही दिवस ती शांत होती, आणि आपलं ऐकते आहे याचं शेठना मनातून बरं वाटत होतं. आणि आता ती पाहत होती, तशी मान वळवलेली त्यांनी कुठं पाहिली होती? तिकडे एक जनावर अडलं होतं, आणि इकडे शिकलीसवरलेली, हाताची पक्की डॉक्टर आपल्या बापाच्या तोंडाकडे पाहत बसली होती.

हो म्हणावं, तर पुढच्या वेळीही ती असंच पाहील. नाही म्हणावं, तर कायमचंच.

शेठनी कप खाली ठेवला. उठले, काहीच न बोलता आत गेले आणि देवघराच्या उंबऱ्याशी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर थोडा वेळ काहीच झालं नाही. तेवढ्या वेळात ती बस, ती ट्रॉली, तो पत्र्याला घासलेला कोपर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून पुन्हा गेलं. मग हेल्मेटचा पट्टा वाजला. फाटक उघडलं. गाडी सुरू झाली, जरा भारी आवाजात, आणि घाटाच्या दिशेनं निघून गेली.

शेठ बाहेर आले तेव्हा त्यांची पत्नी ओसरीवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य मावत नव्हतं.

"गेली की हो ती! घाटाकडं!"

"हूं."

"तुम्हाला विचारून गेली?"

"नाही," शेठ म्हणाले, आणि थंड झालेला चहा त्यांनी शांतपणे पिऊन टाकला.